गाठमावशीचे दोन दोरे

तिचे हात कधी थांबलेले मी पाहिले नाहीत, आणि त्या हातांत कधी काही असल्याचंही पाहिलं नाही. लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी ती बसलेली असायची. भिंतीला पाठ, पाय पसरलेले, नजर समोर कुठेतरी, आणि मांडीवर दोन्ही हातांची बोटं चाललेली. डाव्या चिमटीत काहीतरी धरलंय असं वाटायचं. उजव्या बोटांनी एक वेढा, एक ओढ, आणि शेवटी अंगठ्याच्या नखाने नसलेला दोरा तोडायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. मी लग्न होऊन नवीन आले तेव्हा भर दुपारी पाणी घेऊन वर येत होते. उन्हाचा पट्टा जिन्यात आला होता आणि त्या बोटांची सावली फरशीवर गाठी मारत होती. सावलीच्या हातातही दोरा नव्हता. मी कळशी पायरीवरच ठेवली.

आमच्या ह्यांना विचारलं, "ती बाई काय करते हो?"

"गाठी मारते," हे म्हणाले. "वीस वर्षं गिरणीत वायंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होती. सूत तुटलं की गाठ, तुटलं की गाठ. बायकांची कपात झाली तेव्हा तिला घरी बसवलं. आता गिरणी सुटली हे बोटांना कोण सांगणार?"

तिला सगळे गाठमावशी म्हणायचे. खरं नाव रेशनकार्डावर असेलच काहीतरी, पण ते उच्चारलेलं मी ऐकलं नाही. गाव कोणतं तेही कुणाला ठाऊक नव्हतं. गणपतीला सगळी चाळ कोकणात रिकामी व्हायची, तेव्हा आमच्या दारांना लागलेली कुलपं राखत ही एकटी बसलेली असायची. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. पोरं म्हणायची, मावशी माणसं बांधून ठेवते. एखादं पोर हट्टाला पेटलं की आया म्हणायच्या, "थांब, गाठमावशीला बोलावते." पोर गप्प. आणि मावशी? ती हसायची. तिच्या खालच्या ओळीत दात फारसे नव्हते, त्यामुळे त्या हसण्याने पोरं आणखीच घाबरायची.

तिच्या बोलण्याचीही एक तऱ्हा होती. खात्यात यंत्रांचा आवाज इतका, की बायका ओठांनी आणि हातांनी बोलायच्या. ती सवय तिची गेली नव्हती. ती तुमच्याकडे बघून ओठ हलवायची, आवाज यायचा नाही. तुम्ही म्हणायचात, "काय मावशी?" मग कुठे ती आवाज काढायची, तोही विहिरीतून आल्यासारखा. आता कल्पना करा, तुम्ही तांदूळ निवडत खाली मान घालून बसला आहात, वर पाहता तर ही समोर उभी, ओठ हलतायत. किती वेळची उभी आहे कोण जाणे! मी दोनदा सूप उलटं केलंय. पण पुढे मला तिचे ओठ वाचता येऊ लागले. चाळीत तेवढं जमणारी मी एकटीच होते, आणि त्यामुळेच असेल, तिचा जीव माझ्यावर जडला. मला ती 'वनू' म्हणायची. माझ्या आईनंतर मला वनू म्हणणारी तीच.

दिव्याच्या अवसेला आमच्याकडे घरातले दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात, मुलांना ओवाळतात. गाठमावशी त्या दिवशी दारोदार यायची. हळदीत भिजवलेल्या सुताचं गुंडाळं कमरेला, आणि प्रत्येकाच्या उजव्या दंडाला एक दोरा. मुलांना, बायांना, बाप्यांनाही. बांधताना ती दंड आधी मुठीत धरायची, भाजीवाल्याकडे पडवळ दाबून बघतात तसा. मग दोरा. ती गाठ इतकी बारीक की डोळ्याला दिसायची नाही. नुसता नखाला एक कण लागायचा. पण ओढून बघा, पाण्यात भिजवून बघा, सुटणार नाही.

एकदा माझ्या शेजारणीने तिला हटकलं. "मावशी, मागच्या खेपेची तुझी गाठ सैल पडली गं. दोरा कोपरापाशी आला."

मावशी म्हणाली, "माझी गाठ सरकत नाही. मग सरकलं काय, ते सांग."

शेजारीण हसली. पण हसता हसता तिने दुसऱ्या हाताने स्वतःचा दंड चाचपून पाहिला, हे मी पाहिलं. त्या वर्षी तिला क्षयाचं दुखणं निघालं. बरी झाली ती पुढे, पण चाळीत बोललं जायचं ते जायचंच. मावशीने सांगितलं म्हणून निघालं, असं.

मग संप आला.

त्या दिवसांचं सगळेच काही ना काही सांगतात. मला आठवते ती शांतता. भोंगा वाजत नव्हता. सकाळी भोंग्यावर उठायची, भोंग्यावर चहा टाकायची सवय. आता जाग यायची आणि कळायचं नाही की किती वाजले, आपण का जागे झालो. चिमणीतून धूर नाही. दुपारी चाळभर पुरुष, आणि तरी आवाज नाही. पहिले दोन-तीन महिने सभा, मोर्चे, घोषणा यांत गेले. नंतर निम्मे लोक गावी गेले. उरले ते गॅलरीत कठड्याला टेकून उभे राहायचे. आमचे हे साचेखात्यातले, मागावर काम करणारे. दंड असे की शर्टाची बाही उसवायची. तोंडाने फटकळ, पण घासातला घास काढून देणारे. दोन मुलं, मी, सासूबाई. जेवायला बसले की म्हणायचे, "मला नको, मी बाहेर खाल्लं." बाहेर कुठे खाल्लं, हे मी विचारायची नाही. विचारलं असतं तर त्यांना खोटं बोलावं लागलं असतं.

त्या वर्षीच्या दिव्याच्या अवसेलाही मावशी सूत घेऊन आली. बांधून गेली. आणि श्रावण, भादवा करता करता चाळीतले दोरे खाली यायला लागले. आधी बाप्यांचे. दंडाच्या मध्यावरून कोपरावर, कोपराला अडून राहिलेले. आणि एक गोष्ट मी पाहिली. उकाड्याच्या दिवसांत, ऑक्टोबरच्या तापत्या उन्हात, आमच्या चाळीतले पुरुष एकेक करून पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला लागले. मावशी जिन्याशी बसलेली असायची आणि हे सगळे गडी, एकेकाळी जिना दणाणून टाकणारे, तिच्यासमोरून बाही ओढत, अंग चोरून जायचे.

एके दिवशी मी तिला म्हटलं, "मावशी, लोक भितात तुला."

तिने ओठ हलवले. मी वाचलं. ती म्हणत होती, "मला नाही भीत. दोऱ्याला भितात."

दिवाळी झाली न झाली, आणि चाळीत पोरांना गालगुंडं आली. आमच्या दोघांनाही आली. गाल सुजलेले, ताप, रडारड. सासूबाई रक्तचंदन उगाळून लेप द्यायच्या. पोरं बरी होत आली तेव्हा एका सकाळी ह्यांचा गाल सुजला. उजवीकडचा, जबड्याखाली. सासूबाई म्हणाल्या, "पोरांचा लागला तुका. गालगुंड तां." सहाणेवरचं चंदन ओलंच होतं. लेप लावला, वरून फडक्याचा शेक दिला. ह्यांची त्या बाजूची खालची दाढ दीड-दोन महिने ठणकत होती, हे मला माहीत होतं. लवंग धरायचे, तंबाखूची गोळी दाबायचे, एका बाजूने चावायचे. मग चावणंच कमी केलं, पेजेवर राहू लागले. पण घरात दोन गालगुंडं असताना तिसरं वेगळं काही असेल असं कोणाच्या मनात येणार?

दुपारी गाठमावशी आली. एरवी न बोलावता उंबरा ओलांडायची नाही, त्या दिवशी आत आली. हे भिंतीला टेकून बसले होते. तिने गालाकडे पाहिलंच नाही. सरळ शर्टाची बाही वर केली. दोरा कोपरावरसुद्धा नव्हता. कोपर ओलांडून खाली, मनगटाकडे लोंबत होता. तिने तो परत दंडावर नेला आणि त्यात आपली दोन बोटं घातली. दोन्ही बोटं आत फिरली.

"वसंता," ती आवाज काढून म्हणाली, "किती दिवस जेवला नाहीस रे?"

हे हसायला गेले, पण जबडा पुरता उघडेना. "मावशी, दंड बघायला आलीस की गाल?"

"गालाला काय बघायचंय. गालाशी कोण झुंजणार ते बघते." मग तिने कमरेचं सूत काढलं आणि ह्यांच्या मानेभोवती एक दोरा बांधला. आत आपली करंगळी सहज जाईल इतका सैल. मला म्हणाली, "वनू, उद्या ह्याच वेळेला बघायचं. गालगुंड असेल तर जागेवर राहील. आणि खाली उतरलं तर ते गालगुंड नव्हे."

सासूबाई चुलीशी होत्या. त्यांनी ते पाहिलं. आणि तवा जोरात आपटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी आली तेव्हा करंगळी आत गेली नाही. दोरा मानेच्या कातडीत रुतला होता. मानेची कातडी लाल, ताणलेली, लाकडासारखी टणक. खाली दंडाचा दोरा मात्र आणखी सैल. मला अजून ते दिसतं. एकाच माणसाच्या अंगावर दोन दोरे, एकाच हाताने बांधलेले, एकाच सुताचे. एक गळून पडतोय आणि एक आवळतोय. जणू दंडातलं काढून कोणी मानेत भरत होतं.

मावशी उठून उभी राहिली. तिचे हात, ते कधी न थांबणारे हात, थांबले होते. मी पहिल्यांदा ते स्थिर पाहिले.

"गाठ सोडवा," ती म्हणाली. "आजच्या आज. नाहीतर माणूस जाईल."

तिचं म्हणणं होतं मानेतली गाठ. इस्पितळात नेऊन चिरून सोडवा, मोकळी करा. पण 'गाठ' म्हटलं की आमच्या चाळीत कोणाच्या मनात काय यायचं? तिचं नावच ते! सासूबाई ताडकन उठल्या.

"बांधलंस तूच, आणि आता सोडूक पण तूच सांगतंस? माझ्या झिलाच्या गळ्यात दोरो घातलंस गो? काय केला होता त्याने तुझा?"

"अगं, ती गाठ नव्हे..." मावशीचा आवाज घाबरला की बंद व्हायचा. तिचे ओठ हलत राहिले. ते वाचता येणारी मी एकटी. ती म्हणत होती, आत आहे, आत आहे, दाताची, दाताची. आणि मी, मी काय केलं? सून होते. सासूबाईंच्या हातात सुरी होती. मी गप्प राहिले.

सासूबाईंनी सुरीने मानेचा दोरा कापला, दंडाचा कापला, दोन्ही चुलीपुढे टाकले आणि मावशीला उंबऱ्याबाहेर घातली. शेजारपाजारच्या बायका दारात जमल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "बरं केलंत. आम्हांला कधीपासून वाटत होतं." मावशी जिन्याशी जाऊन बसली. बोटं पुन्हा चालू झाली.

आणि ऐका हं, याहून भीतीदायक मी पुढे आयुष्यात काही पाहिलं नाही. दोरे कापले आणि तासा-दोन तासांत ह्यांचा ठणका थांबला. खरंच थांबला! हे म्हणाले, "हलकं वाटतंय." चहा मागितला, दोन घोट घेतले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. बायका येऊन बघून गेल्या. मलाही वाटलं, म्हणजे खरंच तीच होती की काय? ज्या बाईने मला वनू म्हटलं तिच्याबद्दल मी त्या संध्याकाळी तसा विचार केला. हे लिहून ठेवते आहे, कारण हे लपवलं तर बाकीचं सगळं सांगण्यात अर्थ नाही.

सकाळी उजाडलं तेव्हा हे पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. झोपवलं की घुसमटत होते. तोंडातून लाळ गळत होती, गिळता येत नव्हती. बोलले ते तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं. जीभ वर उचललेली. सासूबाई म्हणाल्या, "उतरता हा, उतरता हा, शेवटचा जोर तो." मी केर काढायला म्हणून चुलीशी गेले. तिथे तो मानेचा कापलेला दोरा पडला होता. गाठ तशीच शाबूत, दुसऱ्या जागी कापलेला. का केलं माहीत नाही, पण मी तो उचलला, सासूबाई मोरीत गेल्याचं पाहून ह्यांच्या मागे उभी राहिले आणि दोरा मानेभोवती धरला.

टोकं जुळेनात. परवा ज्यात करंगळी फिरत होती त्या दोऱ्याची दोन टोकं आज तीन बोटं लांब राहिली. आणि लाली गळ्याच्या हाडाखाली, छातीवर उतरली होती.

दोरा कापून टाकला होता, तरी मान वाढली होती. म्हणजे बांधण्याचा काही संबंधच नव्हता. दोरा फक्त सांगत होता. आम्ही सांगणाऱ्यालाच कापून टाकलं होतं.

मी जिन्याशी धावले. "मावशी!"

ती उठलेलीच होती. पदर खोचलेला, पायात चपला. म्हणजे ती तयार होऊन बसली होती, कधीपासून ते देवाला माहीत. तिने विचारलंसुद्धा नाही, की काल गप्प का राहिलीस. सासूबाई आडव्या आल्या तेव्हा मी त्यांना त्या घरात पहिल्यांदाच उलट बोलले. "आई, बाजूला व्हा. नाहीतर खांदा द्यायला माणसं बोलवा." सासूबाई बाजूला झाल्या. टॅक्सीत ह्यांना मध्ये बसवलं, एका बाजूला मी, एका बाजूला मावशी. ती सबंध वाट त्यांचं कपाळ पुढे धरून बसली होती. मागे टेकू देत नव्हती. श्वास कुठे अडतो ते तिला कळत होतं.

मोठ्या इस्पितळातला तरुण डॉक्टर होता. बघताक्षणी धावपळ सुरू झाली. गळ्याला खाली भोक पाडून नळी घातली, मानेला दोन्हीकडून चिरा दिल्या. किडक्या दाढेतला पू मानेच्या आतल्या थरांतून उतरत छातीच्या तोंडाशी पोचला होता. आत फुटून पसरला, म्हणूनच आदल्या संध्याकाळी ठणका थांबला होता. मग दुसऱ्यांदा चिरलं. दाढ काढून मला दाखवली. एवढीशी. तिच्या मुळाशी काळं भोक. त्या भोकाकडे बघताना मला चिमणीची आठवण झाली, का कोण जाणे.

शेजारच्या खाटेवर एक गोलमटोल मुनीम होता. तोच आजार. तीच दाढ, तीच बाजू, त्याचीही मान सुजलेली. सहाव्या दिवशी पेढे वाटून तो घरी गेला. आमचे हे सव्वा महिना होते. जखम भरेना, ताप हटेना, आणि एकदा तर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जवळच्या माणसांना कळवायला सांगितलं. मी म्हटलं, "डॉक्टर, दाढ तीच ना? मग असं का?"

डॉक्टर म्हणाले, "रोग सारखाच आहे. पण रोगाशी झुंजायला अंगात मांस लागतं बाई. ताप आला की शरीर आपलंच मांस मोडून खातं. त्याच्याकडे साठा होता. ह्यांच्याकडे आधीच काही उरलं नव्हतं. काय खात होते हे?"

"संप आहे," मी म्हटलं.

मावशी तिथेच उभी होती. तिने पदराच्या गाठीतून कापलेला दंडाचा दोरा काढला, कधी उचलला होता कोण जाणे, आणि डॉक्टरांच्या हातावर ठेवला. "दिव्याच्या अवसेला हा दंडावर बसत होता," ती म्हणाली. "आता बघा." डॉक्टरांनी खरंच तो ह्यांच्या दंडाभोवती धरून पाहिला. टोकं एकमेकांवरून कितीतरी पुढे गेली. डॉक्टरांनी तो दोरा कागदात गुंडाळून केसपेपराला टाचणीने लावला. तो तिथे शेवटपर्यंत होता. दुसरे डॉक्टर आले की तो दोरा त्यांना दाखवायचे, आणि म्हणायचे, "ह्यांना आधी खायला घालायचं, औषध त्याच्यासोबत." नळीतून दूध, अंडं, डाळीचं पाणी, जे मिळेल ते.

हे वाचले. आवाज मात्र गेला तो गेलाच. गाळणीतून आल्यासारखा येतो. घरी आले तेव्हा सासूबाई सरळ जिन्याशी गेल्या. गाठमावशीसमोर मांडी घालून बसल्या आणि आपला सुरकुतलेला दंड पुढे केला. "बांध गो माका," म्हणाल्या. मावशीने बांधला. पुढे सासूबाई जाईपर्यंत रोज दुपारचा चहा मावशीला आमच्या घरातून जायचा.

तिला हे सगळं कळत कसं होतं, ते तिने मला एकदाच सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या दंडाला तिनेच दोरा बांधला होता, तरुणपणी. तो सरकायला लागला. "माझी गाठ सरकली, असं मला वाटलं," ती म्हणाली. "लाज वाटली गं. खात्यात नाईकीण, आमच्यावरची मुकादम, माझी गाठ इतरांना दाखवायची. मी सोडून पुन्हा बांधला, आवळून. पुन्हा सरकला, पुन्हा आवळला. चारदा. पाचव्या खेपेला दातापायी त्याचा गाल सुजला. आठ दिवसांत संपलं." आणि मग ओठांनीच, आवाज न काढता म्हणाली, "गाठीला दोष देत बसले. दंड बघितलाच नाही."

गिरणी पुन्हा नीट अशी चालू झालीच नाही. हे वडाळ्याला एका गोदामावर लागले. चाळीतली माणसं पांगली, चिमणी पाडली. मावशी जिन्याशीच होती, दर वर्षी थोडी अधिक वाळलेली. एका दिव्याच्या अवसेला सगळ्यांचे दोरे बांधून झाले आणि ती माझ्यासमोर बसली. सूत पुढे केलं.

"माझा बांध."

"मी? मावशी, माझी गाठ..."

"स्वतःचा दोरा स्वतःला बांधता येत नाही, वनू. एका हाताने गाठ बसत नाही. इतकी वर्षं बिनदोऱ्याची फिरतेय मी."

तिने मला ती गाठ शिकवली. सबंध दुपार गेली. माझी बोटं जाडी, संसारी. शेवटी एक जमली, तेव्हा तिने नखाने कण शोधला आणि मान डोलावली. तिचा दंड माझ्या मुठीत मावून वर जागा उरत होती. वर्ष संपायच्या आत तो दोरा कोपर ओलांडून मनगटावर आला. "बांगडी झाली," म्हणून ती हसली. तोंडात एकच दात उरला होता, तोही हलणारा. मी तिला हाताला धरून नेलं आणि तो काढवून आणला. ती निमूट आली. परत येताना म्हणाली, "दात काढलास, बरं केलंस. मांस कुठून आणशील?"

मी आणत होते. अंडं, खिमट, मासळीचा रस्सा. उशीर झाला होता. तिला काही आजार झालाच नाही. ती नुसती कमी होत गेली.

शेवटच्या दुपारी मी तिच्याजवळ होते. डोळे मिटलेले, श्वास अगदी हलका, आणि पोटावर बोटं चाललेली. मी इतकी वर्षं पाहिलेली तीच हालचाल. पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. नीट पाहिलं तेव्हा कळलं. आधी नख, मग ओढ, मग वेढा. ती उलटी करत होती. नखाने कण शोधायची, सैल करायची, वेढा काढायची आणि दोन्ही टोकं अलगद दोन बाजूंना सोडून द्यायची. मग पुढची. वीस वर्षं गिरणीत आणि पुढची कितीतरी वर्षं जिन्याशी मारलेल्या गाठी ती एकेक करून सोडवत होती. मी मोजायचा प्रयत्न केला नाही. उन्हाचा पट्टा सरकत सरकत भिंतीवर गेला तेव्हा बोटं थांबली.

आंघोळ घालताना मनगटावरचा दोरा काढायचा होता. कात्री शोधत होतो, पण लागली नाही. तो हातावरून तसाच निघून आला. गाठ सुटलेली नव्हती.

ते कडं माझ्याकडे आहे, देव्हाऱ्यातल्या डबीत. दर दिव्याच्या अवसेला काढते, हळद लावते आणि परत ठेवते. माझ्या हातात ते कधी गेलं नाही, तळव्याच्या रुंदीलाच अडायचं. ह्या वर्षी सहज बोटं जुळवून घालून पाहिलं. तळवा ओलांडून गेलं. मनगट. मग कोपर. मग दंडावर जाऊन बसलं आणि आत बोट शिरायला जागा राहिली. हे समोर बसले होते. त्यांच्या त्या गाळलेल्या आवाजात म्हणाले, "काय गं?"

मी बाही खाली ओढली. माझी डावीकडची मागची दाढ गेली दोन वर्षं पोकळ आहे. दुखत नाही, म्हणून तशीच ठेवलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला दातांच्या डॉक्टरणीकडे गेले. तरुण पोर आहे, हसरी. तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग हसली नाही. म्हणाली, "आजी, आता अशा रोग्याच्या मानेचा फोटो काढतात ना, त्याच फोटोत मानेचं मांस किती उरलंय तेही बघता येतं. त्यावरून पुढचा अंदाज बांधतात." मी म्हटलं, "आमच्याकडे सुताने बांधायचे."

तिने आरसा आत घालून पाहिलं. "सूज तर नाही. दुखतंय का?"

"नाही."

"मग आजच काढायची घाई कशाला आजी?"

मी बाही वर केली आणि दोरा दाखवला.